एकतीस मेला निवृत्त झालेला वारा

करंजखिंडीतला वारा आमच्या जरबेराच्या पॉलिहाऊसमधून एकतीस मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाला.

बावीस वर्षं त्याची नोकरी बिनबोभाट झाली. रोज साडेदहाला तो पश्चिमेच्या गुंडाळलेल्या पडद्याखालून आत यायचा आणि वाफ्यांवरची तापलेली हवा छताच्या झरोक्यातून बाहेर काढायचा. त्याच्या जिवावर आम्ही पंखे कधी बसवलेच नाहीत. विजेचं मीटर जेमतेम हलायचं.

रुजू होताना त्याच्याकडे जन्माचा दाखला नव्हता. कारकुनाने निम्म्या गावाची असते तीच तारीख टाकली, एक जून, आणि वय लिहिलं छत्तीस. डोंगराच्या बरोबरीच्या माणसाला छत्तीस! त्या कारकुनाचा मला अजून राग येतो. त्याच्यामुळे वारा ऐन उन्हाळ्यात घरी गेला.

निरोप समारंभात व्यवस्थापक साबळेसाहेबांनी शाल घातली, ती तीनदा घसरली. वाऱ्याने भाषण केलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाला, "इंदूबाई, मला घरी बसायची सवय न्हाई हो." मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी, वारा सेवेत नाही म्हणून, पश्चिमेचा पडदा नियमाप्रमाणे खाली सोडला. नव्या वाऱ्याच्या नेमणुकीची फाईल मुख्य कार्यालयातच होती. बारा वाजता आत त्रेचाळीस अंश झाले. मी माझ्या हातांनी लावलेली वीस हजार रोपं, मुळाशी पाणी असूनही माना टाकू लागली. आणखी दोन तासांत एकही वाचलं नसतं.

पडद्याबाहेर तो उभा होता. साडेदहापासून.

"साहेब, त्यांना आत घेऊ?" मी विचारलं.

"निवृत्त कर्मचाऱ्याकडून काम करून घेता येत नाही, बाई." साहेबांचा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. "मला वाईट वाटत नाही का?"

"पण नुसते भेटायला आले तर?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत चाळलं. "भेटायला कोणीही येऊ शकतं," ते म्हणाले.

मी धावत जाऊन पडदा गुंडाळला. भेटीला येणाऱ्यांच्या वहीत लिहिलं: काम काही नाही, सहज.

संध्याकाळपर्यंत बहुतेक रोपं सावरली. तेव्हापासून तो रोज येतो. पाहुणा म्हणून मी आधी चहाचं विचारते.

"ऱ्हाऊ द्या हो," तो म्हणतो, "आधी वाफ्यांवरच्या पोरींना बघून येतो."