दाढ ताब्यात ठेवण्याबाबत

आमच्या शेजारच्या बाइंडरांची उजवीकडची खालची दाढ किडली होती आणि सरकारी दवाखान्याने त्यांची डावीकडची खालची दाढ काढली. ही घटना माझ्या डोळ्यांदेखत घडली. पुढे जे लिहितो आहे त्यात ऐकीव एक अक्षर नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. हल्ली लोक न पाहिलेल्या गोष्टी छातीठोकपणे सांगतात आणि पाहिलेल्या गोष्टी सांगायची वेळ आली की पायाला पाय लावून पळतात. मला या प्रकाराची मनापासून चीड आहे.

बाइंडर म्हणजे वह्या-रजिस्टरे बांधणारे. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांची दप्तरे त्यांच्या सुईखालून जातात. माणूस अबोल, कामाला पक्का, शिलाईचा दोरा दातांनी तोडायची सवय. त्या दिवशी त्यांचे टोकन सात नंबरचे होते आणि माझे आठ. दातांच्या खोलीचे दार बिजागऱ्यांतून निखळले होते, ते भिंतीला टेकवून ठेवले होते. त्यामुळे बाहेर बाकांवर बसलेल्या आम्हा बारा जणांना आतली खुर्ची आणि खुर्चीतला माणूस स्वच्छ दिसत होता. माझ्या शेजारी नऊ नंबर बसला होता. तो काहीतरी वाचत होता आणि मधूनच स्वतःशी हसत होता.

डॉक्टरांनी चिमटा आत घातला तेव्हा बाइंडरांनी हात वर करून दुसऱ्या गालाकडे बोट दाखवले.

"हात खाली," डॉक्टर म्हणाले.

बाइंडरांनी आँ आँ केले. नर्सने त्यांचा हात धरून मांडीवर ठेवला आणि सगळेच असे करतात म्हणून समजूत घातली. मग दाढ बाहेर आली आणि ट्रेमध्ये पडली. पांढरीशुभ्र, एक डाग नाही.

"इतकी चांगली दाढ?" नर्स म्हणाली.

"वेळेवर काढली म्हणून," डॉक्टर म्हणाले. "अजून ठेवली असती तर किडली असती."

बाकावरच्या सगळ्यांनी ते ऐकले. मी तर खिशातून पेन काढून माझ्या दुखऱ्या बाजूच्या गालावर ठळक फुली मारून घेतली.

आता डॉक्टरांचीच सगळी चूक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. महिन्यापूर्वी वरून परिपत्रक आले होते की, कामकाजात एकसूत्रता यावी म्हणून रुग्णाचे उजवे-डावे यापुढे वैद्यकीय अधिकाऱ्याच्या बाजूने धरावे. केसपेपर लिहिणाऱ्या खिडकीला हे परिपत्रक मिळालेच नव्हते, कारण ते घेऊन निघालेल्या शिपायाला खिडकी डावीकडे आहे असे सांगितले होते. खिडकीने रुग्णाची उजवी लिहिली, डॉक्टरांनी आपली उजवी काढली. कागदावर उजवी, काढलेली उजवी. रेकॉर्ड स्वच्छ होते.

तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाइंडर म्हणाले, "साहेब, चुकीची तर चुकीची. आता दुखणारी तेवढी काढा. माझं काही म्हणणं नाही."

"एका केसपेपरवर एक दाढ. ती झाली. हा बघा शेरा, 'दाढ काढली, रुग्ण बरा.'"

"पण दुखतंय."

"बऱ्या झालेल्या रुग्णाच्या दुखण्याची नोंद घेता येत नाही. तक्रार असेल तर नुकसानभरपाई कक्ष, दुसरा मजला. आठ नंबर."

मी आत गेलो. माझी दाढ त्यांनी भरली, फुली होती तीच. दुसरीसाठी वर्षभरानंतरची तारीख दिली.

बाइंडर घरी जायला निघाले होते. पायरीवर मीच त्यांना गाठले. मी आवक-जावक विभागात तीस वर्षे काढलेला माणूस, आमच्या गल्लीतले सगळे अर्ज माझ्या हातचे असतात. "असं गप्प बसता म्हणूनच ह्यांचं फावतं," मी म्हणालो. "आज तुमची दाढ, उद्या कुणाचं मूत्रपिंड. मी आहे ना तुमच्या पाठीशी." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मला भरून आले होते, खोटे कशाला सांगू.

नुकसानभरपाई कक्षातल्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी बाइंडरांना बसायला स्टूल दिले.

"काका, अर्ज तीन प्रतींत. सोबत काढलेली दाढ. मूळ एक आणि साक्षांकित प्रती दोन."

"दाढेच्या प्रती?"

"नियम कागदांसाठीच केला होता. पण त्यात 'वा तत्सम वस्तू' असं आहे, म्हणून दाढही आलीच."

चौकशीअंती कळले की मूळ दाढ इतर कचऱ्याबरोबर नियमानुसार जाळली गेली होती. बाईंनी पेन टेबलावर ठेवले आणि थोडा वेळ विचार केला. त्यांना खरोखर मदत करायची होती, आणि तिथेच सगळे बिघडले.

"काढलेली गेली. मग तुमची किडकी तशीच राहिली, हे सिद्ध कशावरून करायचं? तर ती तोंडात आहे त्यावरून. म्हणजे आता तीच आपला पुरावा. काका, ती जपा हं. निकाल लागेपर्यंत ती काढलीत तर केस गेली."

"पण ती काढण्यासाठीच तर केस आहे," बाइंडर म्हणाले.

"बरोबर. म्हणूनच काढायची नाही."

आठवड्याभरात तपासणी अधिकारी बाइंडरांच्या घरी येऊन तोंडाचा पंचनामा करून गेले. वहिनींनी बॅटरी धरली, मी पंच म्हणून आरशाजवळ उभा राहिलो. दाढेला 'पुरावा क्रमांक एक' असे नाव पडले आणि ती बाइंडरांच्याच ताब्यात, त्यांच्या सहीनिशी, सुस्थितीत ठेवण्यासाठी देण्यात आली.

"लवंग ठेवली तर चालेल ना?" वहिनींनी विचारले.

"लवंगेनं ठणका कमी होतो. ठणका कमी झाला की दावा कमी होतो."

"आणि गोळी?"

"गोळी म्हणजे पुराव्याशी छेडछाड."

"अहो, पण ह्यांना झोप लागत नाही. घास चावता येत नाही. एका बाजूला दाढ नाही, दुसऱ्या बाजूला ही. माणसानं जेवायचं कुठल्या बाजूनं?"

"तशी नोंद करा, ताई. झोप न लागणं दाव्याला पोषक आहे."

नोंदीसाठी 'ठणका नोंदवही' ठेवायची होती. तारीख, वेळ, ठणक्याचे स्वरूप, सौम्य की तीव्र, साक्षीदाराची सही. छापील नमुना शिल्लक नव्हता, म्हणून दवाखान्याने ठेकेदाराकडे मागणी पाठवली. ठेकेदार म्हणजे आमचे बाइंडरच. एका संध्याकाळी ते माझ्याकडे मागणीपत्र घेऊन आले आणि बोट ठेवून दाखवू लागले. ठणका नोंदवही, नग दोनशे.

"भाऊ, दोनशे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं माझीच."

त्यांनी दोनशे वह्या शिवल्या, एकशे नव्याण्णव पोचत्या केल्या आणि एक स्वतःला ठेवली. दोरा आता कात्रीने कापत होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडू लागली. वहिनी त्यांना सगळे पातळ करून वाढायच्या आणि ते पेल्याने पिऊन उठायचे. पुरावा मात्र सुस्थितीत होता. दर महिन्याला अधिकारी येत, काडीने टोचून पाहत, बाइंडर ओरडले की 'आढळून आला' असे लिहून जात.

अकराव्या महिन्यात सुनावणीचे पत्र आले. घटना प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार हवेत, नातेवाईक चालणार नाहीत. बाइंडर वर्षभरात पहिल्यांदा मनापासून हसले. "दोन? आपल्याकडे बारा आहेत."

टोकनांचे रजिस्टर त्यांनीच शिवलेले होते, त्यामुळे पत्ते मिळायला अडचण आली नाही. ते एकेकाकडे गेले. तीन नंबरच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना पाणी दिले आणि म्हणाल्या, "बाबा, सगळं बघितलं मी. पण माझ्या अजून दोन काढायच्यात, त्याच्याच हातून. सही केल्यावर त्या खुर्चीत तोंड उघडून कशी बसू?" पाच नंबरची मुलगी तिथेच प्रसूतीला जायची होती. अकरा नंबरच्या भावाला त्याच दवाखान्यात शिपायाची जागा मिळणार होती. प्रत्येकाला वाईट वाटले, बहुतेकांनी चहा दिला, कुणी सही दिली नाही.

शेवटी ते माझ्याकडे आले. मी त्यांना वाक्य पुरे करू दिले नाही. "तुम्ही सांगायला हवं का? साहेब माझ्याकडे जबाब घ्यायला येऊन गेले. दिला मी. सगळं व्यवस्थित सांगितलं. तुम्ही निश्चिंत राहा."

"म्हणजे एक तरी झाला," ते म्हणाले. "भाऊ, तुमचे उपकार."

त्या दिवशी वहिनींनी माझ्याकडे वाटीभर खीर पाठवली. त्यांच्या घरी सगळे पातळच होत होते. मी ती खाल्ली, भरलेल्या दाढेच्या बाजूने.

चौदाव्या महिन्यात समितीने निर्णय दिला. एक, घटना कुणीही पाहिलेली नाही. दोन, पुरावा क्रमांक एक ही दाढ चौदा महिने कोणत्याही उपचाराविना आपल्या जागी टिकून आहे, त्या अर्थी ती निरोगी आहे. तीन, निरोगी दाढ काढणे हा निष्काळजीपणा ठरत असल्याने कोणत्याही शासकीय दवाखान्याने ती काढू नये. प्रकरण निकाली. फाइल जाड झाली असल्याने पक्की बांधून दप्तरात ठेवावी.

फाइल बांधायला बाइंडरांकडे आली.

ते पाने जुळवल्याशिवाय शिवत नाहीत आणि वाचल्याशिवाय जुळवत नाहीत. हे माझ्या लक्षात यायला हवे होते. दिवेलागणीच्या सुमारास दार वाजले. उघडले तर ते उंबऱ्याबाहेर उभे. काखेत फाइल, कोरे कापड लावलेली, खळीचा वास अजून ओला. एक गाल सुजलेला. त्यांनी फाइल माझ्या हातात दिली. जिथे उघडायला हवी तिथे सुतळीचा तुकडा घालून ठेवला होता.

टोकन क्रमांक आठ यांचा जबाब. 'मी त्या वेळी भिंतीवरील सूचनाफलक वाचत होतो. आत काय चालले होते ते माझ्या पाहण्यात आले नाही. गालावरील फुलीबाबत विचारले असता सांगतो की, ती मला सवय आहे.' खाली माझी सही. सही माझी फार वळणदार आहे, नाकारता येण्यासारखी नाही.

"बाइंडर, माझं ऐका," मी म्हणालो. "मला दुसऱ्या दाढेची तारीख होती. त्यात पेन्शनचे वैद्यकीय कागद तिथूनच... तुम्ही तरी माझ्या जागी काय केलं असतं?"

तेव्हा कुठे मला दिसले की त्यांच्या तोंडातून मेण लावलेला पक्का दोरा बाहेर आला आहे, तोच, रजिस्टरे शिवायचा. त्याचे दुसरे टोक त्यांनी, मी जबाब वाचत असताना, माझ्या बाहेर उघडणाऱ्या दाराच्या कडीला गाठ मारून बांधले होते. चौदा महिन्यांत पुरावा चांगलाच हलू लागला असावा.

"हे काय करताय?"

"काही नाही, भाऊ." शब्द दोऱ्याला चुकवून येत होते. "तुम्हाला नवीन काही करायचं नाही. जबाब देताना केलंत तेच करा. दार लावून घ्या."

मी दार लावून घेतले. जोरात लावले, कारण मला त्यांच्याकडे पाहवत नव्हते. बाहेर एकदाच हुंकार ऐकू आला, मग पावले. सकाळी कडीला दोरा होता आणि दोऱ्याला दाढ होती. काळी, पोखरलेली, आतून पोकळ. वहिनी सांगत होत्या की ते त्या दिवशी दुपारपर्यंत झोपले, उठून भाकरीएवढा पाव मागून घेतला आणि दोन्ही बाजूंनी चावून चावून संपवला.

पुरावा नष्ट केल्याबद्दल त्यांच्यावर नवे प्रकरण उघडले आहे. कक्षाकडून मला विचारणा झाली की, दाढ निघताना आपण पाहिलीत काय. मी कळवले की दार बंद होते, सबब काही दिसले नाही. आयुष्यात दिलेल्या जबाबांपैकी हा पहिला पूर्णपणे खरा निघाला. दाढ मी काडेपेटीत घालून ठेवली आहे. ती कुणी मागितलेली नाही.

एक किरकोळ बाब राहिली. फाइलमध्ये माझ्या जबाबाच्या पाठोपाठ नऊ नंबरचा जबाब शिवलेला आहे. 'मी त्या वेळी एक गमतीची गोष्ट वाचत होतो. एका माणसाची भलतीच दाढ काढतात, अशी काहीतरी होती. हसू येत होते, त्यामुळे वर पाहिले नाही.' खालची सही वाचता येत नाही. तेव्हा हा इसम कोण, आणि समोर आल्यास ओळखाल काय, असे कक्षाने मला विचारले आहे.

ओळखेन, असे मी लिहून ठेवले आहे. नावाची जागा तेवढी कोरी सोडली आहे. इथवर हसत वाचत आलात, तेव्हा ती तुमच्याच हस्ताक्षरात भरलेली बरी.