चार बोटं उजवीकडं

भानुदासतात्यांकडून फोटो काढून घ्यायचा तर श्वास दोनदा रोखावा लागे. एकदा खटका दाबून झाला की तात्या कॅमेरा लाकडी पट्टीवर चार बोटं उजवीकडे सरकवत आणि तोच फोटो पुन्हा काढत. नवखा माणूस म्हणे, आत्ताच काढला ना? तात्या म्हणत, ‘‘डोळे किती हायेत तुमाला?’’

मग हे दोन फोटो शेजारी शेजारी लावून ते एका खोक्यात घालत. चष्म्याच्या दोन जाड भिंगांतून आत पाहिलं की दोन्हींचा एक होई आणि सपाट कागदातून दगडी खांब उठून नाकाशी येई. ‘‘एका डोळ्यानं चित्र दिसतं, दोन डोळ्यांनी जागा दिसती,’’ हे त्यांचं पालुपद. मी आष्टीहून बदलून आलेला, सोसायटीचा सेक्रेटरी. दुष्काळात सोसायटीला कामच नसे, म्हणून ते पालुपद माझ्याच वाट्याला सगळ्यांत जास्त आलं.

चेअरमननी एकदा हौसेनं आपला सत्काराचा फोटो त्या खोक्यात पाहिला. हार मागे राहिला होता आणि पोट खोक्याबाहेर येऊ बघत होतं. तेव्हापासून तात्यांना सोसायटीच्या कार्यक्रमांची बोलावणी बंद झाली.

तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. माणसांचे फोटो त्यांनी चुलीसाठी काढले. जीव होता तो जुन्या बांधकामांत. सायकलला कॅमेऱ्याचं तिकाटणं बांधून ते वडवणीपासून चकलांब्यापर्यंत पडकी देवळं, वेशी, बारवा टिपत फिरत. ‘‘ह्ये समदं पडणार हाय. पण कोणता दगड कुठं व्हता, किती आत व्हता, एवढं तरी राहील.’’ दोन फोटोंच्या मध्ये कुणी हललं की जोडी वाया जाई, म्हणून चौकटीत माणूस आला की खेकसत, ‘‘सरक बे. माणूस हलतो, दगड हलत न्हाई.’’

आणि गंमत म्हणजे गावातल्याच बारवेची जोडी त्यांच्याकडे बिघडलेली होती. मागच्या दुष्काळात कुणीतरी मध्ये आलं म्हणे. ती ते कुणाला दाखवत नसत.

यंदा पुन्हा दुष्काळ. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, बारव कोरडी ठणठणीत. चेअरमननी ठरवलं, ती बुजवून वर गोदाम बांधायचं. साठवायला दाणा नव्हता, पण गोदाम मंजूर होतं. मी तात्यांना सांगायला गेलो. वाटलं, भांडतील. ते एवढंच म्हणाले, ‘‘कवा?’’

मुरमाचे ट्रॅक्टर यायच्या आदल्या सकाळी ते बारवेवर आले. मीही गेलो. एक फोटो काढला. कॅमेरा चार बोटं सरकवला आणि खटक्यावर बोट ठेवून ते पायऱ्यांकडे बघत नुसते उभे राहिले. पायऱ्यांवर कुणीच नव्हतं. ऊन सरकतंय म्हणून मीच आठवण करून दिली, तेव्हा कुठे त्यांनी खटका दाबला.

जोडी सुरेख आली. बारव बुजल्यावर त्यांनी ती मला दाखवली. खोक्यात पाहिलं आणि उठून त्या पायऱ्या उतराव्याशा वाटल्या. म्हटलं, तात्या, आता ती बिघडलेली टाकून द्या.

तात्या उठले. ट्रंकेतून जुनी जोडी काढून खोक्यात घातली आणि माझ्या हातात दिली. त्याच पायऱ्यांवर घागर घेतलेली एक बाई उभी होती, पण तिच्या आरपार मागचे दगड दिसत होते.

‘‘ही गोदा, आमची कारभारीण,’’ तात्या म्हणाले. ‘‘टँकरचं पाणी सोडलं व्हतं बारवंत. भरून वर येत व्हती. एक फोटो झाला अन् मी खेकसलो, सरक म्हणून. बिचारी सरकली. दुसरा काढला अन् रीळ संपलं. त्याच उन्हाळ्यात काविळीनं गेली.’’

तिचा दुसरा फोटो असेल ना, मी विचारलं. अख्ख्या गावाचे फोटो दोनदोनदा काढलेल्या त्या माणसानं नाही म्हणून मान हलवली. घरचंच माणूस, कधीही काढू, असं वाटत राहिलं म्हणाले.

मग खोकं माझ्या हातातून घेऊन त्यांनी डोळ्यांना लावलं आणि उजव्या भिंगावर तळहात ठेवला.

‘‘दोन्ही डोळ्यांनी बघितलं की तिच्यातनं दगड दिसतात,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून मी एकानंच बघतो.’’