खडपवाडीत शांतता येते

खडपवाडीला पाणी नव्हते आणि शांतता भरपूर होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे निवृत्त हवालदार दत्तारामला २००३च्या फेब्रुवारीपर्यंत वाटले नव्हते.

वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. गुरे राखणारी थोडी घरे, उतारावर नाचणी, आणि उन्हाळ्यात सगळ्यांचा जीव एका झऱ्यावर. झऱ्याची धार इतकी बारीक, की हंडा भरेपर्यंत बायकांची अर्ध्या वाडीची निंदा करून व्हायची. तरी पाण्यावरून कधी कुणी हातघाईवर आले नव्हते. दत्तारामची ठमाबाई आणि शेजारच्या भिकाजीची राहीबाई एकमेकींना हंडा उचलू लागत. दत्ताराम आणि भिकाजी तर लंगोटीयार. दत्ताराम पलटणीत होता तेवढी सगळी वर्षे त्याची गुरे भिकाजीनेच राखली होती.

अशा या वाडीत पुण्याच्या अनुपमा मॅडम एका परदेशी साहेबांना घेऊन घामाघूम होत चढून आल्या. साहेबांची संस्था उत्तर युरोपातली. झऱ्यावर टाकी बांधू, घरोघर नळ देऊ, असे मॅडम म्हणाल्या, तेव्हा ठमाबाईने घरातले होते नव्हते तेवढे दूध चहात ओतले.

"इथे कायदा-सुव्यवस्थेची परिस्थिती कशी आहे?" मॅडमनी विचारले.

"एक नंबर!" दत्ताराम ताठ होऊन म्हणाला. "पोलीस या वाडीत कधी चढलाच नाय."

मॅडमनी भाषांतर केले. साहेबांचा चेहरा पडला.

अडचण मोठीच होती. संस्थेचा निधी हिंसाचाराने खिळखिळ्या झालेल्या देशांसाठी होता. सुरक्षेशिवाय विकास नाही आणि विकासाशिवाय सुरक्षा नाही, हे त्यामागचे तत्त्व. पण जे देश खरोखर खिळखिळे झाले होते, तिथे जिवाची शाश्वती नसल्यामुळे संस्थेचे कर्मचारी जायला तयार नव्हते. निधी परत जाण्याची वेळ आली होती. म्हणून संस्था सुरक्षित असा एखादा असुरक्षित प्रदेश शोधत होती. विमानतळ आवाक्यात हवा आणि हॉटेलात गरम पाणी हवे. महाडच्या हॉटेलात गरम पाणी होते आणि मुंबईचा विमानतळ काही तासांवर. कमी होती ती फक्त अशांततेची.

दत्ताराम पूर्वी शांतिसेनेबरोबर सोमालियाला जाऊन आला होता. 'सुरक्षा' हा शब्द ऐकताच त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. गावात परत आल्यापासून त्याला फक्त म्हशीबद्दलच विचारले जात होते.

"म्हंजे मॅडम, थोडं तरी भांडान पायजे?"

"आम्ही तसं म्हणू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण असेल तर त्याची दखल घ्यावीच लागते. आम्ही पुढच्या आठवड्यात येतोय."

दत्ताराम तडक भिकाजीच्या अंगणात गेला.

"भिकाजी, माझ्याशी भांडतोस काय रे?"

"कशावरून?"

"पान्यावरून."

"तहान लागली असंल तर मडक्यात हाय, पी. भांडतोस कशाला?"

दत्तारामने त्याला नळाचे समजावले. नळासाठी भिकाजी तयार झाला. तालमी झाल्या, पण त्याला सारखे हसू फुटायचे. साहेब आले त्या दिवशीही तो झऱ्यावर उभा राहून मिशीत हसत होता. साहेब घड्याळ पाहू लागले. आता नळ जातो हे पाहून दत्तारामने तालमीत नसलेले वाक्य टाकले.

"माझ्या म्हशीचं दूध इतकी वर्सं कोनी चोरून विकलं?"

भिकाजीचे हसू गेले. "तुझी आय गेली तवा तू परमुलखात होतास, दत्त्या," तो हळूच म्हणाला. "खांदा मी दिला. तवा नाय विचारलंस दुधाचं."

आणि त्याने दत्तारामची गचांडी धरली. साहेब समाधानाने मान डोलावत होते. टाळी मात्र त्यांनी वाजवली नाही. ते पद्धतीत बसत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून भिकाजीने आपली गुरे वेगळ्या वाटेने नेली.

मदत मंजूर झाली. मदतीला दोन पक्ष लागतात, म्हणून वाडीचे वरचा गट आणि खालचा गट असे विभाजन झाले. मधल्या काही घरांनी आम्ही कुणाचेच नाही असे सांगितले. त्यांची 'भूमिका संशयास्पद' ठरली. मग महाडच्या हॉटेलात सलोख्याची कार्यशाळा झाली. लग्नकार्यात एका पंगतीला बसणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या टेबलांवर बसवून परस्परविश्वास शिकवण्यात आला. परतीच्या जीपमध्ये कुणी कुणाशी बोलले नाही.

टाकी कधी, असे राहीबाईने विचारले. सुरक्षा स्थिर झाल्याशिवाय सिमेंट वर कसे आणणार, असे उत्तर मिळाले. ते पटण्यासारखे होते. एका गटाने दुसऱ्याचे पाणी बंद करू नये म्हणून झऱ्याला काटेरी तारेचे कुंपण पडले. रक्षक नेमले गेले. ते आधी औद्योगिक वसाहतीत कारखाने राखत असल्यामुळे येताना वायुगळतीचा भोंगा घेऊन आले. रस्त्यावर घातपाताचा धोका असतो, म्हणून वाडीला रस्ता नाकारण्यात आला. त्याऐवजी माथ्यावर एकच सपाट जागा होती, नाचणीचे खळे, तिथे हेलिपॅड झाले.

दत्ताराम स्थानिक सुरक्षा अधिकारी झाला. बूट, पट्टा, गळ्यात शिट्टी. आरशात त्याला पुन्हा हवालदार दिसू लागला, आणि त्या आनंदात भिकाजीचे दारावरून न बोलता जाणे त्याने फारसे मनावर घेतले नाही.

एप्रिलमध्ये धार आणखी बारीक झाली. रक्षकांना प्यायला, आंघोळीला, कपड्यांना पाणी लागे. तेवढे झाले की झरा संपे. ठमाबाई हंडा घेऊन फाटकाशी आली.

"नाव? गट?" दत्तारामने विचारले.

"अवो, मी ठमी! तुमची बायको!"

"गट सांग गो. नियम हाय."

"रातच्याला जेवाया या," ठमाबाई म्हणाली, "मग सांगते गट." आणि हंडा रिकामाच घेऊन ती दरी उतरून नदीकडे चालू लागली. त्या रात्री अधिकाऱ्याला जेवण मिळाले नाही.

मे महिन्यात साहेब आणि मॅडम पाहणीला आले असतानाच भिकाजीची म्हैस तहानेने बेभान होऊन कुंपणात घुसली. तारेत अडकली. भोंगा वाजला. भिकाजी तिला सोडवायला धावला आणि रक्षक काठ्या घेऊन भिकाजीकडे. दत्तारामने त्यांना थांबवायला जीव खाऊन शिट्टी फुंकली. रक्षकांच्या प्रशिक्षणात शिट्टीचा अर्थ 'पुढे व्हा' असा होता.

भिकाजीचे डोके फुटले. राहीबाईने आपले लुगडे फाडून बांधले, तरी रक्त थांबेना.

"मॅडम, हेलिकाप्टर बोलवा!" दत्ताराम ओरडला.

"बोलावलंय," मॅडम म्हणाल्या.

हेलिकॉप्टर आले. परिस्थिती बिघडल्यामुळे ते साहेबांना आणि मॅडमना घेऊन गेले. स्थानिकांना नेण्याची त्यात तरतूद नव्हती. धुरळा बसल्यावर दत्तारामने बांबूला घोंगडी बांधून डोली केली, पुढचा खांदा स्वतः दिला आणि धापा टाकत घाट उतरला. पोलादपूरला टाके पडल्यावर तो खाटेशी बसला.

"लय लागलं काय रे?"

भिकाजीने भिंतीकडे तोंड केले. "तुझ्या गटाला विचार."

 सोमालियात दत्तारामने यापेक्षा वाईट जखमा पाहिल्या होत्या. पण त्यांतली एकही त्याने केलेली नव्हती.

संस्थेने प्रकल्प यशस्वी म्हणून बंद केला. प्रदेश असुरक्षित असल्याचा संस्थेचा अंदाज निर्विवाद खरा ठरला होता. टाकी पुढच्या टप्प्यात होती. पुढचा टप्पा सुरक्षेअभावी रद्द झाला.

पुढे या सगळ्यावर एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत 'पाण्यासाठी पेटलेला डोंगर' असा हृदयद्रावक लेख आला. तुम्ही तो वाचला असेल. वाईटही वाटले असेल. "काहीही द्या, हे लोक मुळातच भांडकुदळ," असे घरात मोठ्याने म्हणून तुम्ही पुरवणी घडी करून ठेवलीत आणि बेसिनचा नळ सोडून निवांत दाढी करायला लागलात.