सही जुळत नाही

माझ्या लग्नाची पत्रिका खिल्लाऱ्यांनी परत पाठवली. सोबत बँकेतली चेक परत करायची छापील चिठ्ठी, आणि तिच्यावर कारण: 'तारीख व वार जुळत नाहीत.' संतापून मी कॅलेंडर काढलं. पत्रिकेत रविवार छापला होता आणि त्या तारखेला होता सोमवार. निम्मं वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन बसलं असतं.

खिल्लारे म्हणजे परभणीतल्या आमच्या बँकेचे क्लिअरिंगचे कारकून. सत्तर सालानंतर मी तिथं नवा लागलो तेव्हा मला एक कोडं सुटत नव्हतं. एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेत भरला, तर पैसे जातात कसे? पोत्यातून? शेवटी खिल्लारे मला सायकलवर डबलसीट घेऊन निघाले. गावातल्या मोठ्या बँकेच्या मागच्या खोलीत साडेअकराला सगळ्या बँकांचे कारकून एका टेबलाभोवती जमत. ज्याचा चेक त्याच्या पुढ्यात टाकायचा, बेरजा जुळवायच्या आणि चहा प्यायचा.

"आणि पैसे?" मी विचारलं.

"पैसे जागचे हालत न्हाईत. त्यांच्याकडं आपले शंभर, आपल्याकडं त्यांचे नव्वद. धाचा फरक तेवढा मोठ्या बँकेच्या वहीत इकडून तिकडं. पण खरं काम पुढंच हाय. खातेदाराच्या नमुना कार्डाशी सही जुळती का? न्हाई जुळली, तर चेक परत."

त्यांना माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नसत, सहीनं येत. बाजारात कुणी नमस्कार केला की कोरे बघत राहत. त्यानं नाव सांगितलं की उजळून म्हणत, "आस्सं, ते शेपटीवाले व्हय!" शेपटी म्हणजे सहीखालचा फराटा. ज्याला म्हटलं तो मात्र बिचारा मागं हात लावून बघे.

ही नजर एकदा घरावरच उलटली. पालमला त्यांचे थोरले भाऊ मास्तर होते आणि त्यांचं खातं आमच्याच बँकेत. घर बांधताना त्यांनी परभणीच्या वखारवाल्याला चेक दिला. वखारवाल्याच्या बँकेकडून तो त्या टेबलावर आला आणि नेमका धाकट्या भावाच्या पुढ्यात पडला. सही घाईतली होती. खिल्लाऱ्यांनी चिठ्ठी जोडली: 'सही जुळत नाही.' वखारवाल्यानं मास्तरांना चारचौघांत सुनावलं, आणि भावाभावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. फक्त दर वर्षी चौदा एप्रिलच्या सुमारास पालमहून एक पोस्टकार्ड येई: 'सर्व कुशल. जयभीम.' खाली सही.

"दादाचीच सही हाय, हे मला दिसत होतं," ते एकदा म्हणाले. "पण कार्डावरची नव्हती. काय करतो?"

मला या माणसाचा तेव्हा रागच आला होता.

एका वर्षी ते पोस्टकार्ड आलं आणि खिल्लाऱ्यांनी ते अख्खी दुपार भिंगाखाली धरलं. मग माझ्यापुढं सरकवलं.

"दादाची न्हाई ही. कुणीतरी लय जपून काढलीय. दादा वेलांटी एका दमात वढतो. हितं हात तीनदा थांबलाय."

आता पोस्टकार्डालाही चिठ्ठी लागणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर रजेचा अर्ज होता. माझ्या माहितीत पहिलाच. खिल्लारे पहाटेच्या एसटीनं पालमला निघून गेले होते.

पंधरा दिवसांनी परतले. मास्तरांचा उजवा हात लुळा पडला होता. धाकट्याला कळू द्यायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती, म्हणून वहिनींनी जुन्या सहीवरून सही काढली होती.

"मला दारात बघून दादा हसला," खिल्लारे म्हणाले. "म्हणला, 'वळखलीस व्हय रे?'"

त्यांनी खिशातून नमुना सहीचं नवं कार्ड काढलं. डाव्या हाताची सही, कोंबडीच्या पायासारखी, उतरणीला लागलेली.

"ही कुठं जुळायची हो?" मी चेष्टेनं म्हणालो.

"आता हाच नमुना." त्यांनी सहीवरून बोट फिरवलं. "ल्हानपणी पाटीवर माझा हात धरून दादानंच गिरवून घेतलं होतं. आता मी त्याचा धरला. पंधरा दिवस."

ते चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात त्यांना एकदम काही आठवलं आणि ते घाईघाईनं म्हणाले,

"कार्डावर मात्र न्हाई धरला बरं का! तिथं सही त्यानं एकट्यानं केली. नियम हाय तो."