शिंकेला चार सह्या

आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाला सगळं ऑफिस ‘लेखकराव’ म्हणायचं, कारण निरोपाची भाषणं तोच लिहायचा.

"यंदाच्या वार्षिक समारंभात साहेबांना असा आरसा दाखवतो, की बघत राहशील!" तो बायकोला म्हणाला. "आणि त्यांना कळणारसुद्धा नाही!"

"कळणार नसेल तर दाखवायचा कशाला? मुख्य कारकुनाची जागा भरायचीय या आठवड्यात. हातची बढती घालवाल!"

पण ऐकेल तो लेखकराव कसला! स्टेजवर उभं राहून त्याने खणखणीत आवाजात स्वतः लिहिलेली एक सफर वाचली. एक खलाशी वादळात भरकटून एका बेटाला लागतो. तिथे शिंकायलासुद्धा तीन सह्या लागतात! लोक नाक दाबून रांगेत, आणि सह्या करणारे झाडाखाली आडवे. उठवलं की म्हणतात, "जेवणानंतर या!"

हॉल हसून लोटपोट झाला. लेखकरावाची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोखपाल टेबलाशी हजर.

"झाडाखाली झोपलेला मीच ना? अहो, गोळ्यांनी गुंगी येते मला!"

"छे हो, तुम्ही नाही!"

तेवढ्यात टायपिस्टबाई तणतणत आल्या. "माझी सर्दी काढलीत चारचौघांत?"

"बाई, शपथेवर सांगतो..."

शिपाई तर वेगळ्याच कारणाने रुसला होता. "सगळ्यांना घेतलंत, मलाच तेवढं वगळलंत!"

लेखकरावाचं डोकं गरगरायला लागलं. बाण मारला कुठे आणि लागतोय कुणाला! इतक्यात साहेबांचं बोलावणं आलं. गेली बढती! तो केबिनमध्ये शिरला.

"ते बेट..." साहेब गंभीरपणे म्हणाले.

"काल्पनिक आहे, साहेब! अगदी काल्पनिक!"

"तेच तर दुर्दैव! एवढी शिस्त, आणि नुसती गोष्टीत? सोमवारपासून आपल्याकडे सुरू. पण तीनच सह्या कमी पडतात हो. चौथी तुमची, मुख्य कारकून म्हणून!"

आनंद मानावा की रडावं, हेच त्याला उमजेना.

"काय, दाखवलात आरसा?" घरी बायकोने विचारलं.

"दाखवला. त्यात बघून साहेबांनी भांग पाडला."

सोमवारी नव्या खुर्चीत लेखकरावाचा नुकता डोळा लागला होता. समोर रोखपाल, नाक गच्च दाबून. "सही करा हो, येतेय!"

"जेवणानंतर या," लेखकराव डोळे न उघडताच म्हणाला. हे वाक्य आपण आधी कुठे ऐकलंय, ते काही केल्या त्याला आठवेना.