काळी की काळसर

संस्थेचा मोठेपणा ती लोकांना किती शांतपणे थांबवून ठेवू शकते यावर ठरतो. झटपट काम उरकणारी दुकानं गल्लोगल्ली असतात, त्यांना कोणी संस्था म्हणत नाही. या कसोटीवर शहर बससेवेचं हरवले-सापडले कार्यालय ही फारच थोर संस्था होती.

बसमध्ये राहिलेली प्रत्येक वस्तू तिथे येई, फळीवर बसे आणि तिची नोंद संगणकातल्या एका हलक्याफुलक्या डेटाबेसमध्ये होई. हा डेटाबेस म्हणजे जेमतेम एक फाइल. त्याला ना वेगळं मशीन लागतं, ना सांभाळायला माणूस. (तो फुकटही होता, पण मंजुरीच्या टिपणीत हे कारण शेवटी घातलं होतं.) त्याची अट एकच: वाचायला कितीही जण या, लिहायला मात्र एका वेळी एकच. त्याचं लिहून होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं.

गेला महिनाभर मात्र कोणीही काही लिहायला गेलं की पडद्यावर एकच वाक्य उमटत होतं: 'डेटाबेस कुलूपबंद आहे. थोडा वेळ थांबा.' कर्मचारी आज्ञाधारक होते. ते थांबले.

मग समिती नेमली गेली. समितीने संगणक बंद करून चालू केले. (मोठ्या साहेबांचा सोडून. साहेबांचा संगणक बंद करण्याचे अधिकार समितीला नव्हते.) टेबलं पंख्याखाली सरकवली. एक भलामोठा पडदा विकत घेतला, त्यामुळे तेच वाक्य बाहेरच्या रांगेलाही वाचता येऊ लागलं आणि तक्रारी चाळीस टक्क्यांनी घटल्या. एवढं यश पदरात पडल्यावरही कोणीतरी जाणकार माणसाला बोलवा म्हणालं, आणि क्वेरीताई आली.

क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. असे प्रश्न दुरुस्त करणं हा तिचा धंदा, म्हणून हे नाव. स्वभावाने ती उतावळी होती. चहा निवायची वाट न बघता जीभ भाजून घेणाऱ्यांपैकी.

ती आली तेव्हा खिडकीशी एक आजोबा उभे होते. ते वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवत. महिन्यापूर्वी बसमध्ये डुलकी काढताना त्यांनी कवळी काढून रुमालात ठेवली, आणि उतरताना रुमाल तेवढा उचलला. दात नसले की क्लॅरिनेट वाजत नाही, नुसती फुंकर येते. क्वेरीताई आली त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकट्याने वाजवायला मिळणार होतं.

कवळी हरवली वगैरे नव्हती. खिडकीवाल्या काकांच्या मागे, हात लांब केला तर लागेल अशा फळीवर, काचेच्या बरणीत ती होती. ती आल्याची नोंदही कुलूप पडायच्या आदल्याच दिवशी झाली होती. आजोबा रोज येत आणि ते नि कवळी एकमेकांकडे बघत.

"अहो, समोर तर आहे! द्या ना त्यांना," क्वेरीताई म्हणाली.

"मला काय ती घालून मिरवायचीय, ताई?" काका म्हणाले. "पण 'परत दिली' अशी नोंद झाल्याशिवाय वस्तू हलवता येत नाही, आणि नोंद तर होत नाही. उद्या माझ्याच गळ्यात यायचं सगळं."

तिने बाही सरसावून आधी नुसतं 'कवळी' असं शोधून पाहिलं. काकांचा चहा पिऊन, कप विसळून झाला तरी उत्तर येईना. मग तिच्या लक्षात आलं की डेटाबेस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नोंद वाचत बसतोय, छत्र्यासुद्धा. जाड पुस्तकाला मागे सूची नसली की हेच होतं. सूची करायची तर एका ओळीची आज्ञा पुरते. तिने ती दिली. उत्तर आलं: 'डेटाबेस कुलूपबंद आहे.' सूची करणं म्हणजेही लिहिणंच की! औषध तयार, पण वैद्यालाच दाराबाहेर थांबवलेलं.

म्हणजे आत कोणीतरी लिहीत बसलं होतं. तिने एकेक संगणक पाहिला आणि शेवटी साहेबांच्या खोलीत शिरली. पडद्यावर एका छत्रीची नोंद उघडी होती. 'काळी' हा शब्द खोडून साहेबांनी 'काळसर' केला होता आणि खाली दोन बटणं वाट बघत होती: 'पक्कं करा' आणि 'रद्द करा'.

"साहेब, हे कधीपासून असं उघडं आहे?"

"ते विचाराधीन आहे."

"यातलं कुठलंही एक दाबा, सगळं मोकळं होईल."

साहेब मायेने हसले. "बाई, छत्री उन्हात धरली की काळसर दिसते, आत आणली की काळी. पुढच्या बैठकीत ठेवतो."

"मग रद्द तरी करा!"

"रद्द करणं हासुद्धा निर्णयच झाला."

साहेबांच्या उभ्या कारकिर्दीत त्यांचा एकही निर्णय चुकला नव्हता. (घेतलाच नव्हता.) याच गुणावर त्यांना बढत्या मिळत गेल्या होत्या.

एवढ्यात आजोबा क्लॅरिनेटची पेटी घेऊन तरातरा आत आले, मागोमाग काका. आजोबा बराच वेळ काहीतरी बोलले. महिनाभराच्या सहवासाने त्यांचं बोलणं आता काकांना कळू लागलं होतं.

"ते म्हणतायत, सातला कार्यक्रम आहे, हात जोडतो," काका म्हणाले. "आणखीही बरंच म्हणाले, पण ते राहू द्या."

हात जोडायचे म्हणून आजोबांनी पेटी टेबलावर टेकवली. तिचा कोपरा नेमका कीबोर्डवर पडला. टक्. पडद्यावर आलं: 'पक्कं झालं.'

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. क्वेरीताई बाहेर धावली. सूची झाली, डोळ्याचं पातं लवायच्या आत कवळीची नोंद समोर आली, 'परत दिली' लिहून झालं. आजोबांनी नळावर कवळी धुतली, तोंडात बसवली आणि पहिला स्पष्ट शब्द उच्चारला, "गाढवांनो!" मग क्वेरीताईच्या डोक्यावर हात ठेवला. सातला ती पहिल्या रांगेत बसली होती. आजोबांनी पहिला सूर लावला आणि तिला भरून आलं. कवळीने कधी कुणाला रडवल्याचं तिने तोवर ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक बाई काळी छत्री शोधत आल्या. डेटाबेसने क्षणात उत्तर दिलं: काळी छत्री एकही नाही. छत्री काकांच्या मागे लटकत होती, पण ती आता काळसर होती. बाई भिजत परत गेल्या.

"बघा," साहेब म्हणाले, "म्हणून मी थांबलो होतो." त्यांनी ती नोंद पुन्हा उघडली, 'काळसर' खोडून 'काळी' लिहिलं आणि विचार करू लागले. खिडकीवरच्या मोठ्या पडद्यावर ओळखीचं वाक्य परतलं, आणि रांगेला बरं वाटलं.

वाचक साहेबांना हसत असतील. जरूर हसावं. हसून झालं की फोनमधला तो निरोप तेवढा उघडून बघा, भांडणानंतर धाकट्या बहिणीला लिहायला घेतलेला. तुम्ही तो पाठवलाही नाहीत आणि पुसलाही नाहीत. तो विचाराधीन आहे, हे आम्हाला मान्य आहे. ती थांबली आहे.