कुंकवाचा व्हीसीआर आणि गेणबांचा फेटा

मेहुणीच्या लग्नाची कॅसेट एडिटिंगसाठी पुण्याला पाठवायची नाही, ती मी घरीच करतो, एवढंच मी म्हणालो होतो. यात माझं काय चुकलं, ते आजतागायत कुणी मला पटवून देऊ शकलेलं नाही.

मुळात माणसाला यंत्राची भीती वाटली की ती यंत्राला कळते. मला ती वाटत नाही, हेही यंत्रांना कळतं. पौडला आमच्या कचेरीत सायक्लोस्टाइलचं मशीन अडलं की साहेब आधी मलाच हाक मारतात. (नंतर मेकॅनिकला मारतात, पण आधी मला.) तेव्हा व्हीसीआर म्हणजे किस झाड की पत्ती!

लग्न कोळवणला झालं, माझ्या सासऱ्यांच्या, हैबतरावांच्या दारात. मांडवात व्हिडिओ शूटिंग ही त्या काळी आमच्या मुळशीत मोठी नवलाई. शूटिंगवाला नथू खांद्यावर कॅमेरा घेऊन आला तेव्हा लोक नवरदेवाला सोडून त्याच्याभोवती जमले. नथू माणूस मन लावून काम करणारा, फक्त कॅमेरा बंद करायला विसरायचा. त्यामुळे कॅसेटमध्ये त्याच्या स्वतःच्या चपला, मांडवाचे बांबू आणि जिलबीची कढई यांचं भरपूर शूटिंग झालं होतं. एक पिवळं कुत्रं तर इतक्यांदा येऊन गेलं, की परक्याला वाटावं त्याचंच लग्न आहे.

"साहेब, एडिटिंगला पुण्याला पाठवतो. पंधरवडा लागंल," नथू म्हणाला.

"पंधरवडा? अरे, नांदेहून व्याही मंडळी रविवारी कॅसेट बघायला यायचीत! ठेव इथं. दोन व्हीसीआर आणि एक वायर, काम खलास."

माझी बायको चंद्रकला मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात तेव्हापासून मी पाट्यावर वाटतेय."

"मिक्सर वेगळा," मी म्हणालो. याउपर तिच्याकडे मुद्दा नव्हता. (ती आत निघून गेली, त्यावरून मी ताडलं.)

आता या कॅसेटमधली खरी भानगड सांगतो. हैबतराव आणि त्यांचे चुलतभाऊ गेणबा यांच्यात बांधावरच्या आंब्यावरून वर्षानुवर्षं अबोला होता. एकाच आळीत राहून एकमेकांच्या दारात पाऊल टाकत नव्हते. पण लग्नात गेणबा आले. हैबतरावांनी भर मांडवात स्वतःच्या हातानं त्यांना मानाचा फेटा बांधला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गेणबांनी तर सगळ्या आळीला सांगून ठेवलं, "रविवारी टीव्हीवर माजा फेटा बगायला या." त्यांना तो फेटा सगळ्यांदेखत परत एकदा बघायचा होता.

माझ्या सासूबाई रंभाबाई मुद्दाम पौडला आमच्या घरी येऊन राहिल्या. मला म्हणाल्या, "पाव्हणं, बाकी काय बी कापा. नवरी कापली तरी चालंल. पण गेणबा भावजींचा फेटा तेवढा नीट ठिवा. लई वरसांनी घर एक झालंय."

"आई, फेटा मी असा ठेवतो की गेणबांना स्वतःच्या डोक्यावर सुद्धा इतका छान दिसला नसेल."

मग कामाला लागलो. एक व्हीसीआर पौडमधून भाड्यानं आणला, दुसरा कोळवणच्या एका फार्महाऊसवाल्या साहेबांकडून मागून आणला. दोन्ही एकाच कंपनीचे, काळे, जुळे भाऊ शोभावेत असे. पद्धत अगदी सोपी. एकात मूळ कॅसेट लावून ती वाजवायची, दुसऱ्यात कोरी लावून ती भरून घ्यायची. कुत्रं आलं की भरणाऱ्याचं पॉज दाबायचं, कुत्रं गेलं की सोडायचं. यालाच शहरात एडिटिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

पहिलं यंत्र घरात आलं तेव्हा चंद्रकलेनं रीतीप्रमाणे त्याला हळदकुंकू लावलं. दुसरं आलं तेव्हा ती विहिरीवर होती, ते तसंच राहिलं. मी म्हटलं, वा! आयतीच खूण झाली. कुंकवाचं ते वाजवणारं, बिनकुंकवाचं ते भरणारं. इतकी साधी आणि सुंदर युक्ती पुण्याच्या एकाही स्टुडिओवाल्याला सुचली नसेल.

शनिवारी दुपारपर्यंत अर्धं लग्न झालं. कुत्रं गेलं, चपला गेल्या, कढई गेली. मंगलाष्टकं अशी जोडली की नवऱ्याच्या काकांना शिंक आली होती ती सुद्धा कुठं गेली कळू नये. फेट्याच्या आधी येऊन थांबलो. यंत्रं तापली होती, म्हणून दोन्ही कॅसेटा काढून खिडकीत गार व्हायला ठेवल्या (दिसायला सारख्याच, पण चिठ्ठ्या कशाला? माझ्या लक्षात होतं) आणि जरा आडवा झालो.

उठून बघतो तर चंद्रकलेनं केर काढायला यंत्रं उचलून परत मांडलेली. माझं काय अडतंय? कुंकू बघायचं, की झालं. बघितलं, तर दोघांनाही कुंकू!

"हे कुणी लावलं?"

"मी लावलं," सासूबाई म्हणाल्या. "एकीला कुकू आन् एक बोडकी, बरं दिसतंय व्हय? शुभकार्याची कॅसेट हाय ती!"

दुसरा कुणी असता तर इथं गांगरला असता. मी दोन्ही यंत्रांवरनं हात फिरवला, जे जास्त गरम लागलं ते वाजवणारं असं ठरवलं, खिडकीतली एक कॅसेट त्यात घातली आणि दुसरी, म्हणजे भरायची, दुसऱ्यात सरकवली. व्होल्टेज इतकं कमी होतं की दोन यंत्रं आणि टीव्ही एकदम चालवले की दिव्यात नुसती लाल तार दिसायची. तेव्हा टीव्ही बंद केला. नाहीतरी कुत्रं आता येणार नव्हतं. पुढचा सगळा मानपान सरसकट उतरवायचा होता. ज्याला आपलं काम येतं त्याला बघत बसावं लागत नाही.

रेकॉर्डचं बटण दाबलं. यंत्रानं कॅसेट बाहेर फेकली. परत घातली, परत फेकली. मी कॅसेट उलटीपालटी करून पाहिली, तर तिच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी कपची तुटलेली. त्या जागी खड्डा असला की यंत्र भरून घेत नाही, हे मला ठाऊक होतं. (ती कपची मूळ कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून मुद्दाम तोडतात, हेही ठाऊक होतं. पण एका वेळी किती गोष्टी आठवणार?) खड्ड्यावर सेलोटेपची पट्टी चिकटवली. बटण दाबलं. लाल दिवा लागला!

"बघा! याला म्हणतात डोकं," मी म्हणालो.

"व्हय बाई," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांच्याकडून मला मिळालेलं ते शेवटचं कौतुक.

संध्याकाळी कार्यक्रम आटोपला. भरणाऱ्या यंत्रातली कॅसेट काढली, पिशवीत घातली. तपासून बघा, असं चंद्रकला म्हणत होती. तपासतो तो, ज्याला स्वतःचा भरवसा नसतो.

रविवारी हैबतरावांच्या ओसरीवर ही गर्दी! नांदेची व्याही मंडळी गादीवर, बायका आतल्या दारात, नथू आपलं सामान घेऊन कोपऱ्यात. सगळ्यात पुढे परीटघडीचं धोतर नेसून गेणबा, आणि मागे त्यांनी बोलावलेली आळी. गेणबा आणि हैबतराव शेजारी बसले होते, पण अजून एकमेकांशी जपूनच बोलत होते. मी कॅसेट लावली आणि कलाकार उभा राहतो तसा टीव्हीशेजारी उभा राहिलो.

सुरुवातीलाच पिवळं कुत्रं आलं.

मी चमकलो. हे कुत्रं तर मी कापलं होतं! मग चपला आल्या. मग कढई आली. मग काकांची शिंक आली, आणि आळी खदखदून हसली. काल ज्या कॅसेटला मी पट्टी लावली, ती कोरी नव्हतीच. ती मूळचीच होती. आणि यंत्रांचीही अदलाबदल झाल्यामुळे तिच्यावर काल संध्याकाळी लग्नाऐवजी अँटेनावरून टीव्हीचं जे काही येत होतं ते भरलं गेलं होतं. काय भरलं होतं, ते देवाला आणि दूरदर्शनला माहीत.

तेवढ्यात टीव्हीतला लाऊडस्पीकर ओरडला, "आता वधूपित्याच्या हस्ते, वधूचे चुलते गेणबा यांना मानाचा फेटा! गेणबा, पुढं यावं, गेणबा!" पडद्यावर गेणबा जाजमावरून उठले. हैबतरावांनी फेटा उलगडला. चित्र थरथरलं, आणि पडद्यावर एक म्हैस आली.

चांगली मोठी, पडदाभर. आणि एक शांत, सुशिक्षित आवाज सांगू लागला, "याला तीन दिवसांपासून वैरण जात नाही. तोंडातून सतत लाळ गळते. असं जनावर ताबडतोब कळपातून वेगळं बांधावं."

गेणबांनी सावकाश मान वळवली.

"हैबत्या, ही म्हस कोन?"

"मामा, ती मधली जाहिरात आहे," मी म्हणालो.

"मांडवात समद्यांम्होरं फेटा, आन् टीव्हीवर म्हस? मला कळपातनं येगळा बांधतूस व्हय?" गेणबा उठले. मागची आळी उठली. आतल्या दारात सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

हैबतराव गयावया करत म्हणाले, "गेणू, आईशप्पत मला काय बी ठावं न्हाई. ह्ये समदं ह्या आमच्या जावयानं केलंय!"

"ह्यानं? ह्यो तर कारकून हाय की! कॅसेट ह्याच्या हातात दिलीस?"

"म्या कशाला दितोय? मिक्सरची गत बगितली हुती की म्या!"

गेणबा माझ्याकडे बघत राहिले. मग एकाएकी त्यांचा आवाज खाली आला. "आमचा धाकला जावई ठाव हाय न्हवं? त्यानं हिरीवरचं इंजिन खोललं. आजून पोत्यात हाय."

"पोत्यात तरी हाय! ह्यानं तर फेटाच पुसून टाकला."

"आन् वर म्हणतोय, जाहिरात हाय!"

हैबतरावांना हसू फुटलं. गेणबांना फुटलं. दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसायला लागले आणि माझा असा उद्धार सुरू झाला की व्याही मंडळींनी सुद्धा त्यात दोन-चार शब्द घातले. मी खुलासा करायला तोंड उघडलं.

"गप ऱ्हावा वो पाव्हणं," गेणबा खाली बसत म्हणाले. "त्यो डाक्टर औषिद सांगतोय. माज्या बी म्हशीला लाळ हाय."

मग सगळ्या ओसरीनं तो कार्यक्रम शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिला. लग्नाला इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

तो संपल्यावर हैबतराव आत गेले आणि फेटा घेऊन आले. नथूकडे एका दुसऱ्या लग्नातली थोडी उरलेली कॅसेट होती, ती त्यानं कॅमेऱ्यात घातली. शूटिंगचा दिवा पेटला. हैबतराव फेटा बांधू लागले, तसा गेणबांनी त्यांचा हात धरला.

"हैबत्या, त्या दिशी मानसं बगत हुती म्हणून आलतो. आज मनानं आलोय."

हैबतरावांना पुढचा पेच बांधता येईना. दोघं म्हातारे गळ्यात गळा घालून रडले. चंद्रकला रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

पण मला माझं श्रेय सोडवेना. मी घसा साफ करून म्हणालो, "म्हणजे एका अर्थी बघायला गेलं, तर हे मीच घडवून आणलं."

वाटलं, आता पुन्हा उद्धार होणार. पण गेणबा डोळे पुसत म्हणाले, "व्हय, त्ये बी खरंच हाय. दोगांनी मिळून शिव्या द्यायला कोनतरी लागतंयच. आणा रं, जावयाला बी टावेल-टोपी आणा!"

बघा! शेवटी गुणाची कदर होतेच. मी केसांवरनं हात फिरवला, माझी डावी बाजू फोटोत चांगली येते म्हणून तसा वळून उभा राहिलो. गेणबांनी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. आळीनं टाळ्या वाजवल्या. मी नारळ छातीशी धरून, गंभीर चेहरा करून, मान न हलवता ओठांतल्या ओठांत म्हणालो, "नथू, जरा जवळून घे रे."

नथू वायर गुंडाळत होता.

"साहेब, कॅसेट मगाशीच संपली की."

मी तसाच नारळ धरून उभा. चंद्रकलेनं माझी वाकडी झालेली टोपी सरळ केली आणि म्हणाली, "असू द्या हो. घरी गेल्यावर एडिटिंगमध्ये घाला स्वतःला. म्हशीच्या शेजारी जागा आहे."